दर पावसाळ्यात भिंतीवरची पानंफुलं उठतात, त्यावर उपाय

मे महिन्यापर्यंत सगळं छान असतं. हॉलच्या एका भिंतीवर केळीच्या रुंद पानांचा वॉलपेपर, सोफ्याच्या वर वनस्पतींच्या जुन्या चित्रांच्या तीन-चार फ्रेमा, खिडकीला वेलबुट्टीचे पडदे. जुलै संपत आला की वॉलपेपरचे सांधे उघडायला लागतात, मधेच फुगे धरतात, फ्रेममधला कागद वळतो आणि चित्राभोवतीच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, म्हणजे माउंटवर, तपकिरी ठिपके उमटतात. कुणीतरी येऊन गोंद लावून दाबून बसवतं, दिवाळीला पुन्हा बरं दिसतं, आणि पुढच्या जुलैत त्याच सांध्यापासून सुरुवात होते.

कोकणपट्टी, मुंबई-ठाणे-पालघर, गोवा आणि घाटालगतच्या गावांत हे इतकं सर्रास आहे की लोक दोष सरळ कागदाला देऊन मोकळे होतात. "स्वस्तातला घेतला ना, म्हणून." नाहीतर, "आपल्याकडच्या हवेत वॉलपेपर चालतच नाही." दोन्ही अर्धवट खरं. लावणाऱ्याच्या हातून एखादा सांधा कुठेही कच्चा राहू शकतो. पण दर वर्षी तोच सांधा, तीच फ्रेम, तोच कोपरा बिघडत असेल तर गडबड भिंतीत आहे. म्हणून गोंदाच्या डब्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

आधी जागा पाहा

पाण्याच्या प्रत्येक वाटेची भिंतीवरची खूण वेगळी असते.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच कागद सुटतोय आणि मागे हात लावल्यावर पिठासारखा पांढरा लोणा बोटांना लागतोय, तर पाणी पायातून वर चढतंय. तळमजल्याची घरं, जुने वाडे, जांभ्याच्या भिंती यांत हे नेहमीचं. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात आणि गिलावा आतून फोडतात. खालचा गिलावाच पोपडे होऊन निघत असेल तर वरचा कागद धरून राहणार कशाला? अशा भिंतीच्या खालच्या तीन-साडेतीन फुटांत कागद लावूच नये. तेवढा पट्टा चुन्याचा किंवा ओल बाहेर जाऊ देणाऱ्या रंगाचा ठेवावा आणि पानंफुलं त्याच्या वर सुरू करावीत. जुन्या घरांत भिंतीचा खालचा पट्टा वेगळ्या रंगात रंगवायची पद्धत होतीच. ती दिसायलाही वाईट नाही.

छताकडून खाली डाग उतरत असेल तर टेरेस किंवा वरच्या घरातलं बाथरूम. यातला फरक एप्रिलमध्ये कळतो. डाग उन्हाळ्यातही ओला राहतो म्हणजे त्याचा पावसाशी संबंध नाही, पाणी नळाचं आहे. भिंतीच्या मधोमध एकच वेडावाकडा गोल डाग बाराही महिने असेल तर पलीकडे कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला, पाइप जातोय का ते बघा. तिथे रंगाऱ्याच्या आधी प्लंबर लागतो.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून तिरपा डाग निघत असेल तर मात्र खर्चाला घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या रुळातली पाणी निघून जायची बारीक भोकं धुळीने बुजलेली असतात. जोराचा पाऊस आला की रूळ तुडुंब भरतो आणि पाणी आतल्या बाजूला उतरतं. जुन्या टूथब्रशने आणि तारेने भोकं मोकळी करा, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने भरा, छज्ज्यावर पाणी साचून राहत नाही ना ते पाहा. ही दहा मिनिटांची साफसफाई न झाल्यामुळे अख्खा वॉलपेपर बदललेला मी पाहिला आहे.

पूर्ण भिंतच दमट, थंड आणि फुगलेली, आणि ती भिंत पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची? मग उत्तर सरळ आहे. आपला मोसमी वारा त्याच बाजूने येतो आणि पाऊस त्या भिंतीवर आडवा आपटत राहतो. बाहेरच्या गिलाव्यातल्या केसासारख्या बारीक भेगांना एवढं पुरतं.

शेवटची खूण फसवी असते. भिंतीवर डाग नाही, लोणा नाही, पण कपाटामागे, पलंगाच्या डोक्याकडे, खोलीच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके येतात आणि कुबट वास सुटतो. इथे पाणी भिंतीतून येत नाही. खोलीतल्या दमट हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसते. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि बुरशीला साधारण ७० टक्के मिळाले तरी भागतं. वॉलपेपरच्या खळीत स्टार्च असेल तर तिच्या जेवणाचीही सोय झाली. बेडरूममध्ये एसी १८ वर ठेवून पलीकडच्या पॅसेजच्या भिंतीला व्हिनाइलचा, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेला, कागद लावला असेल तर तो त्या थंड भिंतीवरून सुटणारच.

खात्री कशी करायची

दोन शक्यतांमध्ये अडलात तर एक सोपी चाचणी आहे. सुटलेला कागद आणि सैल रंग काढून भिंत उघडी करा. साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा तिच्यावर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा खालची भिंत गडद झाली तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दोष हवेचा, आणि पंखा, खिडकी, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं यांनीच निम्मं काम होईल. चाचणी पावसाळ्यातच करा. फेब्रुवारीत कोकणातली गळकी भिंतसुद्धा कोरडी ठणठणीत निघते.

पाणी भिंतीतून येत असेल तर दुरुस्ती ज्या बाजूने ते शिरतं त्या बाजूने व्हायला हवी. आतून वॉटरप्रूफिंगचा कोट मारून वर वॉलपेपर लावून देणारे पुष्कळ आहेत. एखादं वर्ष ते टिकतंही. मग अडलेलं पाणी शेजारच्या कोपऱ्यातून बाहेर पडतं आणि तुम्हाला वाटतं की नवीनच समस्या सुरू झाली. सोसायटीत राहत असाल तर हेही माहीत असू द्या: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणारी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे, तुमचं एकट्याचं नाही. सेक्रेटरींना डागाच्या फोटोसह लेखी पत्र द्या, आणि ते पावसाळ्यात द्या. डिसेंबरमध्ये कोरडी भिंत बघून कमिटीला पटत नाही.

चुकीचा मुहूर्त

आता या दुखण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडे घर नवं करायचं ते गणपतीच्या आधी. श्रावणात रंगारी मिळत नाहीत इतकी त्यांना मागणी असते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट आठवड्यांत, पाणी प्यायलेल्या भिंतीवर, आपण कागद चिकटवतो आणि ओल आत कोंडून टाकतो. गोंद वरून सुकल्यासारखा वाटतो, कारण पंखा चालू असतो. भाद्रपदात पाहुण्यांसमोर भिंत झकास दिसते. पुढे हवा कोरडी झाली की भिंत आकसते, कागद आकसतो, सांधे केसाएवढे फाकतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्या फटीतून दमट हवा मागे शिरते.

वॉलपेपरचं आणि फ्रेमांचं काम डिसेंबर ते मार्च या काळात करा. नवा गिलावा किंवा पुट्टी असेल तर ती पूर्ण सुकू द्या. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला निदान महिनाभर, ओल लागलेल्या जाड जुन्या भिंतीला त्याहून बराच जास्त वेळ. गणपतीसाठी काही करायचंच असेल तर मखरामागे छापील कापडाचा पडदा सोडा. आणि मखर वॉलपेपरवर डबल टेपने चिकटवू नका. विसर्जनानंतर टेपबरोबर पानंही निघून येतात.

पुन्हा लावताना

सुटलेल्या कागदावर नवा कागद नको, हे बहुतेकांना माहीत असतं. डिस्टेंपरची गोष्ट मात्र निसटते. भिंतीवर साधा डिस्टेंपर असेल आणि ओला हात फिरवल्यावर तळव्याला पांढरी भुकटी लागत असेल, तर गोंद भिंतीला धरत नाही, त्या भुकटीला धरतो. पुढे कागद उठतो तेव्हा मागे रंगाचा पातळ थर चिकटून आलेला दिसतो. असा थर दिसला तर गोंद बदलून उपयोग नाही. डिस्टेंपर खरवडून, भिंत पुसून, सुकवून प्रायमरचा हात द्यायलाच हवा.

काळी बुरशी असेल तर कोरड्या ब्रशने घासू नका, ती खोलीभर उडते. मास्क लावा, खिडकी उघडा, कागद सावकाश काढून पिशवीत बंद करा आणि भिंत पाण्यात मिसळलेल्या घरगुती ब्लीचने पुसून सुकवा. हे ब्लीच टॉयलेट साफ करायच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि ते भिंतीसाठी आहे, चित्रांच्या कागदासाठी नाही.

ओल्या वॉलपेपरच्या वासाने डोकं धरतं अशी तक्रार नवी नाही. १७७५ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिक या विषारी द्रव्यापासून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला, आणि १९व्या शतकात युरोपातल्या पानाफुलांच्या वॉलपेपरमध्ये आर्सेनिकचे हिरवे रंग सर्रास असत. असा कागद ओला होऊन त्यावर बुरशी आली की आर्सेनिकचा वायू सुटतो, हे गोसियो या इटालियन शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात दाखवलं. ज्याच्या वेलबुट्ट्या आज आपल्याकडच्या उशांच्या अभ्र्यांवरही दिसतात त्या विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराच्या सुरुवातीच्या एका वॉलपेपरच्या नमुन्यातही पुढे आर्सेनिक सापडलं. आजच्या शाईत ते नसतं. आज त्रास होतो तो बुरशीचा, आणि दमेकऱ्यांसाठी तोही पुरेसा आहे.

कागद निवडताना ओलीची थोडीही शंका असलेल्या भिंतीला जाड व्हिनाइल नको. धुता येतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो, पण तो ओल बाहेर जाऊ देत नाही. वरून गुळगुळीत आणि मागे काळं. नॉन-वोव्हन (न विणलेल्या तंतूंच्या) पाठीचा, वर प्लास्टिकचा थर नसलेला कागद त्यातल्या त्यात बरा. त्याहून बरी गोष्ट म्हणजे भिंतच बदला. बाहेरची भिंत सोडून दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा. दिवाणखान्याची समोरची भिंत बाहेरची असेल तर तिथे नक्षी हवीच असा हट्ट कशाला? ज्यांना हट्ट धरायचाच आहे त्यांनी स्टेन्सिलने रंगात पानं काढावीत. पोपडा आला तर तेवढंच पान पुन्हा रंगवता येतं.

पानं जुळत नाहीत, रोल पुरत नाही

याला ओलीचा दोष नाही, पण तक्रार तितकीच नेहमीची. दुकानात हिशोब चौरस फुटांवर होतो. ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब रोल म्हणजे ५७ चौरस फूट. भिंत १२ फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच, म्हणजे १२६ चौरस फूट, म्हणून तीन रोल पुरे, असं सांगतात. साध्या कागदाला ते पुरतातही. उंची ३.२० मीटर, वरखाली कापायला १० सेंटिमीटर धरून ३.३० मीटरचा पट्टा. एका रोलमध्ये तीन पट्टे. भिंतीला पट्टे लागतात सात.

पण मोठ्या पानांच्या नक्षीत तीच नक्षी ६४ सेंटिमीटरनी पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पट्ट्याचं पान जुळवायला प्रत्येक पट्टा नक्षीच्या त्याच जागेपासून सुरू करावा लागतो. म्हणजे दर पट्ट्यामागे सहा आवर्तनं, ३.८४ मीटर. तिसरा पट्टा ७.६८ मीटरवर सुरू होतो आणि १० मीटरमध्ये बसत नाही. रोलमागे दोनच पट्टे, एकूण चार रोल. शेवटचा पट्टा कमी पडला की लावणारा उरलेल्या तुकड्यांतून जोड देतो, आणि खिडकीच्या बाजूला अर्ध्या पानाला अर्धं फूल चिकटलेलं दिसतं. महिन्याभराने आणखी एक रोल आणला तर त्याचा लॉट नंबर वेगळा निघतो आणि हिरव्यात फरक पडतो. रोलच्या वेष्टनावर आवर्तनाचं माप आणि जुळणीची खूण छापलेली असते. पैसे देण्याआधी ती वाचा, सगळ्या रोलचा लॉट एकच आहे ना ते तपासा, आणि एक रोल जास्तीचा घेऊन ठेवा. ओलीच्या घरात तो पुढे उपयोगी पडतोच.

इंटरनेटवरचं चित्र देऊन भिंतीच्या मापाचा कागद छापून घेणाऱ्यांची अडचण निराळी. ३,००० पिक्सेल रुंदीचं चित्र १२ फुटांवर ताणलं तर इंचाला जेमतेम २१ पिक्सेल येतात. कमळाच्या पाकळ्यांना पायऱ्या पडतात. इंचाला १०० तरी हवेत.

फ्रेममधल्या चित्रांना लाटा का येतात

कागद ओल पिऊन पसरतो, ओल गेली की आकसतो, आणि तो त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त हलतो. चांगला फ्रेमवाला त्याला हलायला जागा ठेवतो. घाईतला फ्रेमवाला चित्राच्या चारही कडा सेलोटेपने पुठ्ठ्याला जखडतो. पसरायला वाव नसला की कागद मधे फुगतो. उपाय एवढाच, की चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपच्या छोट्या तुकड्यांनी टांगायचं आणि बाकी तीन बाजू मोकळ्या सोडायच्या. सेलोटेप कुठेच नको; काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि त्याचा चिकटा कागदातून आरपार उमटतो.

काच आणि चित्र यांच्यात माउंटचं अंतर हवं. माउंटशिवाय काचेला टेकलेलं चित्र दमट हवेत काचेला चिकटतं, विशेषतः इंकजेटचं आणि चकचकीत फोटो कागदावरचं. चिकटलं तर ओढू नका. घरी छापलेलं असेल तर सोडून द्या आणि नवीन छापा. आजोबांच्या काळातलं, मोलाचं असेल तर तसंच काचेसकट कागद-संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

फ्रेमच्या पाठीला काय आहे ते एकदा उलटून बघा. बहुतेकदा तपकिरी पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड असतो. त्यातलं आम्ल हळूहळू चित्रात उतरतं, माउंटच्या कापलेल्या कडा पिवळ्या करतं, आणि ओलीत हे लवकर होतं. आम्लरहित माउंट बोर्ड मागा. फ्रेमवाल्याला शब्द नवा असेल तर "कापली तर आतूनही पांढरीच दिसते ती शीट" म्हणून सांगा, बरेचदा योग्य माल हातात पडतो. मागच्या खिळ्यांवर आणि फटीवर कागदी टेप पूर्ण फिरवून घ्या म्हणजे कसर आत शिरत नाही. कसरीला चित्रात रस नसतो, तिला खळ आणि डिंक हवा असतो. पण तो खाताना ती वरचं ताम्हणाचं फूलही कुरतडते. डांबरगोळ्या फ्रेममागे ठेवू नका. वास तुम्हाला जास्त आणि कसरीला कमी लागतो.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा सिलिकॉनचे छोटे गोल तुकडे चिकटवा. फ्रेम भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर सुटली की मागे हवा खेळते. ओलीच्या घरात माउंट आणि काचेइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती फ्रेमवाला स्वतःहून जवळजवळ कधीच करत नाही.

तपकिरी ठिपके: बुरशी की छपाई?

यावर जरा थांबायला हवं, कारण इथे लोक चांगली चित्रं फेकून देतात. वनस्पतींची जुनी चित्रं आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या जुन्या ग्रंथांच्या ऑनलाइन संग्रहासारख्या ठिकाणांहून फुकट उतरवून छापता येतात. पण ते स्कॅन दोनशे-तीनशे वर्षांच्या कागदाचे आहेत. मूळ कागदावरचे तपकिरी ठिपके, मागच्या पानाची उमटलेली सावली, घडीची रेघ, सगळं स्कॅनमध्ये येतं आणि तुमच्या नव्या कोऱ्या कागदावर छापलं जातं. पावसाळ्यात लक्ष गेलं की वाटतं बुरशी धरली. ओळखायचं असं: आज मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि महिन्याने पुन्हा काढा. ठिपके तितकेच आणि तिथेच असतील तर ते छापील आहेत. भिंगातून पाहिलं तर छापील ठिपका शाईच्या बारीक कणांचा दिसतो. खरी बुरशी कागदाच्या धाग्यांवर पसरलेली किंवा किंचित उठलेली दिसते. कोऱ्या माउंटवर ठिपके आले असतील तर मात्र ते छापील नाहीत, बहुधा बुरशीच.

सतराव्या शतकातला, मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ याचं उत्तम उदाहरण. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने तयार करवून घेतलेला हा ग्रंथ अॅमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत निघाला. त्याची चित्रं दोन पानांवर पसरलेली आहेत, म्हणून मधोमध उभी घडी दिसते. ती तुमच्या प्रिंटरची चूक नाही. आणि चित्रांवर वनस्पतीचं नाव लॅटिन, मल्याळम, अरबीबरोबर देवनागरीतही कोरलेलं आहे, कारण या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. फ्रेमवाला माउंटची खिडकी कापताना नेमकी तीच नावं झाकून टाकतो. कापायच्या आधी पेन्सिलने खूण करून द्या.

आपल्या मातीतलं काही लावायचं असेल तर दापोडीची चित्रं शोधा. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. तिचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० मध्ये एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही. चित्रं आता एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत.

खरी बुरशी निघाली तर चित्र फ्रेममधून काढून पंख्याखाली सावलीत पूर्ण सुकवा, उन्हात नाही. सुकल्यावर घराबाहेर मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. ओलं फडकं लावाल तर डाग कागदात मुरेल. माउंट आणि पाठ बदलून टाका, आणि पुन्हा फ्रेम करायला हवा कोरडी होईपर्यंत थांबा. जुलैत बंद केलेल्या फ्रेममध्ये जुलैची हवाच कोंडलेली असते.

रंग उडणं आणि बाकीचं

पश्चिमेच्या खिडकीसमोर इंकजेटची साधी डाय (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) शाई दोन उन्हाळ्यांत फिकी पडते, आधी गुलाबी आणि लाल जातात, मग पानं निळसर दिसायला लागतात. ओलीत हीच शाई फुटते, रेषांच्या कडा मऊ होतात. छापून घेतानाच पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई मागा. छापील पडद्यांचा रंग जातोय का ते शिवायच्या आधी ओलं पांढरं फडकं घासून पाहा. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होत नाही, शेजारच्या काकू काहीही म्हणोत.

सगळं केलं, तरी खोली नुसती गजबजलेली दिसते, ही तक्रार उरतेच. भिंतीवर मोठी पानं, उशांवर मोठी फुलं, पडद्यांवर मोठा वेल असं झालं की डोळा ठरत नाही. एकच नक्षी मोठी ठेवा, दुसरी बारीक बुट्ट्यांची, बाकी साधं. यावर याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि आवड ज्याची त्याची.

भाड्याच्या घरात, किंवा सोसायटी भिंत दुरुस्त करेपर्यंत, कागद लावू नका. ब्लॉकप्रिंटचं सुती कापड लाकडी चौकटीवर ताणून भिंतीपासून बोटभर सोडून टांगा. मळलं तर चौकटीवरून उतरवून धुता येतं आणि घर बदलताना बरोबर नेता येतं. मोलाच्या चित्रांच्या फ्रेमा मृग लागायच्या आधी बाहेरच्या भिंतींवरून उतरवून आतल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडव्या ठेवा, मधे पांढरा कागद घाला, आणि ऑगस्टमध्ये एखादा कोरडा दिवस मिळाला की कप्पा उघडून वास घेऊन बघा.